पिंपळी परिसरातील परचित्तज्ञान

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याच्या शक्तीला पतंजलीने योगसूत्रांच्या विभूतिपादात स्थान दिले आणि परचित्तज्ञान ही संयमाने लाभणारी सिद्धी मानली. आधुनिक मानसशास्त्राने तिला ‘मनाचा सिद्धांत’ असे रुक्ष नाव दिले आणि ती साधारण चार वर्षांच्या मुलाला कोणत्याही साधनेशिवाय लाभते असे दाखवून दिले. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काटेवाडीच्या अलीकडे असलेल्या पिंपळी गावात आणि त्याच्या आसपासच्या ऊसपट्ट्यात मात्र ही शक्ती ना संयमाने येते ना केवळ वयाने. लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवताना आणि चहाला नाही म्हणताना ती पूर्ण तेजाने प्रकट होते, आणि भावकीतल्या कोणी जमिनीच्या मोजणीचा अर्ज दिल्याचे कळताच एका रात्रीत लोप पावते. शास्त्राने या उदयास्ताकडे द्यावे तितके लक्ष अद्याप दिलेले नाही.

‘मनाचा सिद्धांत’ हा शब्दप्रयोग डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुड्रफ यांनी 1978 मध्ये चिंपांझीच्या संदर्भात रूढ केला, म्हणजे या शास्त्राचा आरंभच माकडाला माणसाचे मन कळते का या प्रश्नापासून झाला. माणसाला माणसाचे कळते हे गृहीत धरलेले होते. पुढे 1983 मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी लहान मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आणि मग परत आलेला मॅक्सी चॉकलेट कोठे शोधेल असे मुलांना विचारले जाते. अगदी लहान मुले दुसरे कपाट दाखवतात, कारण आपल्याला जे ठाऊक आहे ते मॅक्सीला ठाऊक नाही हे त्यांना उमगत नाही. थोडी मोठी मुले पहिले कपाट दाखवतात आणि उत्तीर्ण होतात.

प्रयोग सुबक आहे, परंतु त्यात लाज नाही, मान नाही आणि नातेवाईक नाहीत. हीच गोष्ट पिंपळीत घडली असती, तर आईने चॉकलेट हलवले असते ते नणंदेची मुले सुटीला येणार म्हणून, परत आलेल्या मॅक्सीने पाहुण्यांसमोर कपाटाकडे ढुंकूनही पाहिले नसते, आणि ‘चॉकलेट हवंय का रे?’ असे आत्याने विचारताच आईच्या डोळ्यांकडे पाहून आपल्याला चॉकलेट मुळीच आवडत नाही असे त्याने जाहीर केले असते. चॉकलेट कोठे आहे हा प्रश्न त्याला पडलाच नसता. ते कोठे आहे हे आपल्याला माहीत आहे असे आत्याला वाटता कामा नये, एवढाच प्रश्न तेथे शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कपाटाकडे बोट दाखवून देता येत नाही.

येथे सामाजिक भावना ही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. भय आणि किळस यांसारख्या मूलभूत भावनांना दुसऱ्या माणसाची गरज नसते. उसाच्या सरीत साप दिसला, तर घाबरण्यासाठी साक्षीदार लागत नाही. परंतु सापाला पाहून पळताना धोतर सुटले आणि नेमके त्याच क्षणी बांधावर व्याही उभे असले, तर जे वाटते ते सापामुळे वाटत नाही, व्याह्यांच्या मनात या क्षणी काय नोंदले गेले असेल या कल्पनेमुळे वाटते. लाज, संकोच, अपराधीपणा, अभिमान आणि भीड या सर्व भावना अशा परक्या मनाची कल्पना केल्याशिवाय उत्पन्नच होत नाहीत. साप निघून गेल्यावर भीती ओसरते. व्याही निघून गेल्यावर लाज वाढते, कारण ते आता घरी जाऊन सांगणार असतात.

या भावनांचे सर्वांत प्रगत रूप पाहायचे असेल, तर चहाच्या प्रसंगाचे विश्लेषण करावे लागते. पाव्हणा ओसरीवर टेकतो, यजमान ‘च्या टाका’ असे आतल्या दिशेने म्हणतो आणि पाव्हणा तत्काळ ‘नगं नगं, आत्ताच झाला’ असे उत्तर देतो. या उत्तराचा चहाच्या इच्छेशी काहीही संबंध नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही ते उत्तर देताना पाव्हण्याला बरीच गणिते करावी लागतात, कारण ‘आत्ताच झाला’ म्हटल्यावर तो कोणाकडे झाला हा प्रश्न उभा राहतो, आणि गावातल्याच दुसऱ्या घराचे नाव निघाले तर त्या घरी आधी आणि येथे नंतर असा क्रम उघड होऊन यजमानाचा मान दुय्यम ठरतो. म्हणून अनुभवी पाव्हणा तो चहा नेहमी रस्त्यावरच्या हॉटेलात झाल्याचे सांगतो. हॉटेलमालकाशी कोणाची भावकी नसते.

विमर आणि पेर्नर यांनीच 1985 मध्ये पुढची पायरी तपासली होती: एका व्यक्तीच्या मनात दुसऱ्या व्यक्तीच्या मनाविषयी काय आहे, म्हणजे ‘त्याला काय वाटते याविषयी हिला काय वाटते’, हे मुलांना साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास कळू लागते असे त्यांना आढळले. संध्याकाळच्या चहाला एवढ्याने भागत नाही. दूध डेअरीला गेले आहे हे पाव्हण्याला वेळेवरून कळते. ते त्याला कळले आहे हे यजमानाला कळते. म्हणून पाव्हणा भिडेपोटी नाही म्हणतो आहे असे यजमानाला वाटेल, हेही पाव्हण्याला कळते. आणि आता खरोखरच नाही म्हटले, तर घरात दूध नाही हे आपण ओळखल्याचे जाहीर होईल, म्हणून तो ‘बरं, अर्धा कप’ असे म्हणून शेजारच्या घरी भांडे पाठवण्याची वेळ आणतो. भीड म्हणजे समोरच्याला बरे वाटावे म्हणून स्वतःच्या इच्छेला मुरड घालण्याची सवय, आणि दोन भिडस्त माणसे समोरासमोर आली की दोघांनाही नको असलेला चहा दोघांनाही प्यावा लागतो.

साखरेचे प्रकरण याहून नाजूक आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती अशा सहकारी साखर कारखान्यांचे सभासद ज्या पट्ट्यात घरोघर आहेत, तेथे चहात साखर कमी पडणे हा केवळ पाककृतीतील दोष मानला जात नाही. मधुमेह असलेला पाव्हणा ‘साखर कमी’ असे म्हणू शकतो, परंतु तसे म्हणताच ओसरीवरच्या सर्वांना त्याचा आजार कळणार, त्यांतल्या एकाकडून तो मुलीच्या सासरी पोहोचणार, आणि तिकडे तो आनुवंशिक ठरणार. या साखळीचा अंदाज घेऊन तो गोड चहा निमूटपणे पितो आणि घरी जाऊन गोळी घेतो. इतक्या लांबवरचे मन वाचण्याची क्षमता कोणत्याही प्रयोगशाळेत मोजली गेलेली नाही.

संस्कृतीचा या क्षमतेवर परिणाम होतो का, याचा शोध शिकागो विद्यापीठातील शाली वू आणि बोआझ कीसार यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात घेतला. दोन माणसांच्या मध्ये खणांची एक मांडणी ठेवली होती. एकाने वस्तू सरकवण्याची सूचना द्यायची आणि दुसऱ्याने ती पाळायची, पण काही खण सूचना देणाऱ्याच्या बाजूने बंद असल्यामुळे त्याला तेथील वस्तू दिसत नव्हत्या. बहुसंख्य अमेरिकन सहभागी ही गोष्ट किमान एकदा तरी विसरले आणि समोरच्याला न दिसणाऱ्या वस्तूकडे वळले, तर नुकतेच चीनमधून आलेले विद्यार्थी जवळजवळ चुकलेच नाहीत. ज्या समाजात माणूस स्वतःला इतरांशी बांधलेला समजतो, तेथे दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची सवय अधिक पक्की होते, असा याचा अर्थ लावला गेला. हे वाचून कोणत्याही मराठी वाचकाला आपण चीनच्या बाजूचे आहोत असे वाटून समाधान होईल. तथापि हा प्रयोग बारामती तालुक्यात झाला, तर मुळात मांडणीच टिकणार नाही, कारण आपल्याला दिसते आणि पाव्हण्याला दिसत नाही अशी वस्तू समोर आहे हे लक्षात येताच सहभागी व्यक्ती सगळी मांडणी त्याच्याकडे फिरवून ठेवील. काही लपवून ठेवल्याचा बोल नंतर कोणी ऐकायचा?

थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगाचीही हीच गत होईल. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा घालणाऱ्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आला होता, आणि यावरून माणूस आपल्यावरच्या प्रकाशझोताची तीव्रता वाढवून मोजतो असे अनुमान निघाले. पिंपळीत नवा शर्ट घालून पारावर आलेल्या माणसाने ‘सगळ्यांनी पाहिले’ असे मानले, तर तो अतिशयोक्ती करत नाही. सगळ्यांनी खरोखरच पाहिलेले असते, आणि शर्ट बारामतीच्या कोणत्या दुकानातला आहे हेही दोघांनी सांगितलेले असते. त्याची चूक पुढे होते. शर्टाच्या रंगाला लोक हसत असतील असे समजून तो वरचे बटण लावतो, आणि लोक मात्र याचे उसाचे बिल जमा झालेले दिसते, तर हातउसने मागायला हरकत नाही, असा विचार करत असतात.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्येच म्हटले होते की माणसाची स्वतःविषयीची कल्पना इतरांच्या डोळ्यांतल्या प्रतिबिंबावर उभी असते. पिंपळी परिसराच्या संदर्भात या सिद्धांताची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे: दुसऱ्याचे मन येथे इतक्या बारकाईने वाचले जाते ते प्रामुख्याने त्यात आपल्याविषयी काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी, आणि तेवढे पान वाचून झाले की पुस्तक मिटले जाते. लाज माणसाला दुसऱ्याच्या मनाच्या दारापर्यंत नेते यात शंका नाही. आत गेल्यावर तो फक्त भिंतीवर आपला फोटो कोठे लावला आहे एवढेच पाहून परततो.

लग्नपत्रिका हा या वाचनाचा लिखित पुरावा होय. वधू-वरांची नावे निश्चित झालेली असल्याने त्यांत कोणाला रस नसतो. खरी चर्चा निमंत्रक, व्यवस्थापक आणि ‘आपले नम्र’ यांच्या यादीवर होते, जिचा क्रम लावताना घरातील जाणते पुरुष रात्री उशिरापर्यंत बसतात. धाकट्या चुलत्याचे नाव थोरल्या मेहुण्याच्या खाली गेले तर चुलत्याला राग येईल, हे तर कोणालाही कळते. परंतु त्याला राग आला नाही, तर आपल्याला राग येऊ नये इतके आपण परके झालो असे त्याने मानले आहे, असा अर्थ निघतो आणि तो अधिक गंभीर असतो. म्हणून चुलत्यालाही यजमानाच्या समाधानासाठी थोडेसे रुसावे लागते. रुसवा हा येथे भावनेचा उद्रेक नसून एक पोहोचपावती आहे, आणि ती टॉवेल-टोपी देऊन रीतसर परत घेतली जाते.

मांडवातील ध्वनिक्षेपकावर निवेदन करणारा गृहस्थ हा या शास्त्रातील सर्वांत मोठा अधिकारी. ‘आत्ताच मंडपात आगमन झालेले’ या शब्दांनी सुरू होणारे स्वागत कोणाला, कोणत्या पदासह आणि किती वेळा मिळावे याचे ज्ञान त्याला पोथीशिवाय असते, आणि बाजार समितीच्या माजी संचालकाचा उल्लेख करताना ‘माजी’ हा शब्द किती भरभर उच्चारायचा हेही तो जाणतो. पाहुण्यांची बाजूही तितकीच अभ्यासलेली असते. आपले नाव पुकारले जाण्यापूर्वी आत जाऊन बसणे कमीपणाचे आणि पुकारण्याची वाट पाहत उभे असल्याचे दिसणे त्याहून कमीपणाचे, म्हणून प्रतिष्ठित मंडळी वाहनतळापाशी बंद मोबाईल कानाला लावून येरझारा घालतात. या सर्वांची मने सांभाळता सांभाळता मुहूर्त टळतो, अक्षता वाळतात, आणि अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुलीला सकाळपासून काही खायला मिळाले आहे का, हे विचारण्याचे कोणाच्याही मनात येत नाही, कारण तिच्या रुसण्याची तरतूद पत्रिकेत नसते.

आता बांधाकडे वळले पाहिजे. जोन मिलर यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हैसूर आणि शिकागो येथील लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणे विचारली होती. अमेरिकन प्रौढ वागण्याचे मूळ त्या माणसाच्या स्वभावात शोधत, तर भारतीय प्रौढ परिस्थितीकडे, नात्यांकडे आणि कर्तव्यांकडे बोट दाखवत. आणि हा भेद आठ वर्षांच्या मुलांत फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला होता, म्हणजे तो शिकवणुकीतून आलेला होता. अभ्यास चोख आहे, फक्त त्यात शेजाऱ्याच्या बांधाविषयी प्रश्न नव्हता. बांध म्हणजे दोन शेतांमधील मातीची सीमा, जी नांगरटीच्या वेळी एखादे तास इकडे किंवा तिकडे सरकते. ते तास आपल्याकडून सरकले, तर त्याची कारणे परिस्थितीत असतात: ट्रॅक्टरवाला परगावचा होता, दिवस मावळला होता, आणि खुणेचा दगड गवतात झाकला गेला होता. तेच तास चुलत भावाकडून सरकले, तर परिस्थिती एकाएकी अंतर्धान पावते आणि उरतो तो स्वभाव, जो त्याच्या बापाचाही तसाच होता आणि ज्याची हकीकत आजोबांच्या वाटणीपासून सांगता येते. एकाच माणसाच्या अंगात म्हैसूर आणि शिकागो सुखाने नांदतात, आणि त्यांच्यामधली हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीदारालाही सापडत नाही.

चहाच्या वेळी चार पातळ्या खोल जाणारे मन येथे पहिल्या पातळीवरही का उतरत नाही, याचे उत्तर पुन्हा सामाजिक भावनांतच आहे. भावाला काय वाटत असेल याची कल्पना केली, तर त्याचे थोडेफार बरोबर असण्याची शक्यता कल्पनेत येते, आणि ती आली की माघार घेण्याचा विचार येतो, आणि माघार घेतली की गाव काय म्हणेल हा प्रश्न येतो. एका माणसाचे मन न वाचण्याचे कारण अशा रीतीने शंभर माणसांची मने वाचून झालेली असणे, हे असते. विशेष म्हणजे न्यायालयात तारखा चालू असलेले हेच दोन भाऊ घरात मयत झाले की एकच सुतक पाळतात, दहाव्याला शेजारी बसून डोई करून घेतात, आणि त्या दहा दिवसांत एकमेकांना काय खुपते आहे हे त्यांना न बोलता कळते. अकराव्या दिवशी वकिलाचा फोन येतो.

दुसऱ्याच्या मनातले केवळ आपल्याविषयीचे पान वाचण्याच्या या नियमाला वर्षातून एक दिवस अपवाद घडतो. तुकोबांची पालखी आषाढी वारीत बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघते तेव्हा ती पिंपळी-लिमटेकवरून जाते, पुढे काटेवाडीत तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवशी रस्त्यालगतच्या घरांतील शिष्टाचार पूर्णपणे मोडीत निघतो. वारकरी ‘भाकरी हाय का, माउली?’ असे थेट विचारतो, यजमान थेट वाढतो, आणि ‘नगं, आत्ताच झाली’ असे कोणीही म्हणत नाही. पाव्हणा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, त्याच्या पत्रिकेत आपले नाव होते का, यांतले काहीच माहीत नसल्यामुळे त्याच्या मनात आपल्याविषयी काय असेल ही चिंता गळून पडते, आणि मग प्रथमच त्याच्या पायांना फोड आले आहेत हे दिसते. कोणी न सांगता गरम पाणी आणि तेल बाहेर येते. भीड नसली की माणसाला माणूस कळत नाही, असे मानणाऱ्यांनी हा दिवस अवश्य पाहावा.

तेवढ्यावरून परक्यापुढे मन आपोआप उघडते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल, कारण दिवाळीच्या आगेमागे याच पट्ट्यात बीड, अहिल्यानगर आणि जालना जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येऊ लागतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे चांगले चार-पाच महिने, कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटेच्या थंडीत फडात उतरतो. त्यांचेही पाय चिरलेले असतात. पण त्यांच्यापुढे कोणाला लाजही वाटत नाही आणि पुण्यही मिळत नाही. तोडीचा नंबर लवकर लागावा म्हणून जो बागायतदार तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही वाचतो, तोच डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईच्या समोर बनियनवर दात घासत उभा राहतो; ज्याच्यापुढे बनियनवर उभे राहता येते, त्याच्या मनात काय असेल हा प्रश्न सहसा पडत नाही.

मजुरांच्या बाजूने हा प्रश्न रोज पडतो आणि रोज सुटतो, कारण तो सुटला नाही तर हंगाम अवघड जातो. तोडीच्या मोबदल्याखेरीज शेतकऱ्याकडून मिळणाऱ्या वरच्या पैशांना खुशाली म्हणतात. ती खुशीने देण्याची प्रथा असल्यामुळे तिच्यावरून वाद बराच होतो, आणि कोण किती देईल याचा अंदाज टोळीतल्या बायका फडाच्या पहिल्या सरीतच बांधतात. जो शेतकरी शिव्या घालत येतो तो दुपारपर्यंत निवळतो आणि ठरलेले देऊन टाकतो. जो ‘तुम्ही आपलीच माणसं’ असे म्हणतो त्याच्याकडे शेवटच्या ट्रॉलीपर्यंत मागणे लावून धरावे लागते. आणि जो काहीच न बोलता बांधावर उभा राहून वाढ्यांच्या, म्हणजे मजूर वैरण म्हणून विकतात त्या उसाच्या शेंड्यांच्या, भेळ्या मनातल्या मनात मोजत असतो, त्याच्या गोठ्यात वैरण संपलेली आहे, विकत घ्यायची त्याची इच्छा नाही आणि फुकट मागायची त्याला लाज वाटते आहे, हे त्या बायकांनी ओळखलेले असते. म्हणून त्या दिवशी भेळीचा भाव दुपारीच थोडा चढवला जातो.